निकाल कोर्टाचा, हप्ता डॉक्टरांचा

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर किनाऱ्यापासून दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी न्यायलाच बराच वेळ गेला. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय हलणार नाही अशी व्यवस्था केली. दोन दिवसांनी स्प्लिंट मिळाले, टॅक्सी ठरली. मध्यरात्रीनंतर निघालेली टॅक्सी जवळजवळ दोनशे मैल तुडवून दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास पुण्यात पोचली. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस करणारे. तेही पुण्यात येऊन थांबले होते. आधी ताराचंद हॉस्पिटलात तपासणी झाली, मग एका सर्जनच्या खासगी रुग्णालयात मुलाला दाखल केलं. संध्याकाळपर्यंत पाय प्लास्टरमध्ये बसवला गेला. रात्री नऊला मुलगा गेला.

पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड जुळवलं आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असं म्हणत आईवडिलांनी दिवाणी दावा लावला. सर्जनचं म्हणणं वेगळं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांनी ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे चरबीचे कण रक्तवाहिनीत अडकणं, हे कारण लिहिलं होतं. खालच्या कोर्टाने आईवडिलांच्या बाजूने तीन हजार रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि मे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. पंधरा वर्षं आणि तीन हजार रुपये. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला आजही वैद्यकीय निष्काळजीपणावरच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो, तो रकमेमुळे नव्हे. डॉक्टरवर तीन गोष्टींत काळजी घेण्याची जबाबदारी असते, असं त्यात स्पष्ट सांगितलं गेलं: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार करायचे हे ठरवताना आणि ते उपचार प्रत्यक्ष करताना.

भारतातल्या व्यावसायिक दायित्व विम्याचा, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला सरसकट ‘इंडेम्निटी’ म्हणतात त्याचा, इतिहास सांगायचा तर तो विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांपेक्षा असा न्यायालयांमधून सांगावा लागतो. या बाजाराने घेतलेल्या बहुतेक मोठ्या उड्या एखाद्या निकालामागोमाग आलेल्या आहेत. कंपन्यांमधली स्पर्धा त्यानंतरची, आणि तीही बरीचशी हप्त्याच्या आकड्यापुरती.

इंग्लंडमध्ये ही सोय फार आधी झाली होती, पण तिची सुरुवातही कोर्टातूनच झाली. दवाखान्यात एका स्त्रीवर हल्ला केल्याच्या खोट्या आरोपावरून एका डॉक्टरला शिक्षा झाली, आठ महिने तुरुंगात काढल्यावर त्याला माफी मिळाली. या प्रकरणाने अस्वस्थ झालेल्या मंडळींनी १८८५ मध्ये ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ उभी केली. ही विमा कंपनी नव्हती. सभासदांनी वर्गणी भरायची आणि कुणावर बालंट आलं तर संघटनेने वकील द्यायचा, गरज पडल्यास भरपाईही भरायची, असा तो मामला होता. १८९२ मध्ये ‘मेडिकल प्रोटेक्शन सोसायटी’ निघाली. डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी चालवलेली संस्था विरुद्ध नफ्यासाठी चालणारी विमा कंपनी, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चुरस आहे. ती पुढे भारतातही आली.

मुंबईला विम्याचा धंदा नवा नव्हता. १९०७ मध्ये इथे इंडियन मर्कंटाइल इन्शुरन्स सुरू झाली, १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स काढली. पण या कंपन्यांचं पोट भरायचं ते आग, जहाजवाहतूक आणि पुढे मोटार यांवर. डॉक्टर, वकील, हिशेबतपासनीस यांच्या चुकांचा विमा विकायचा तर आधी त्या चुकांबद्दल कुणीतरी दावा लावायला हवा. दिवाणी दाव्याची कोर्ट फी, वकिलाचा खर्च आणि दहा-पंधरा वर्षांची वाट, हे सगळं सोसून डॉक्टरवर खटला भरणारे विरळाच. त्यात कोर्टात डॉक्टरविरुद्ध साक्ष द्यायला दुसरा डॉक्टर मिळणं त्याहून कठीण.

१९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचा कारभार चार सरकारी कंपन्यांत गोळा झाला: कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. त्यांच्यावर जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन. चार कंपन्या असल्या तरी मालक एकच, त्यामुळे पॉलिसीची भाषा आणि दर यांत खरी स्पर्धा होण्याचा प्रश्नच नव्हता. ग्राहकाने विकास अधिकाऱ्याच्या ओळखीवर कंपनी निवडायची, एवढाच काय तो फरक.

खरी हालचाल सुरू झाली ती विम्याच्या नव्हे, ग्राहकांच्या बाजूने. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. जिल्हा मंचात एक लाखापर्यंत, राज्य आयोगात दहा लाखांपर्यंत आणि त्यापुढची तक्रार राष्ट्रीय आयोगाकडे, अशी रचना झाली. तक्रारीला कोर्ट फी नव्हती, वकीलही सक्तीचा नव्हता. साध्या कागदावर तक्रार लिहून दिली तरी चालत असे.

आता प्रश्न उरला तो एकच: रुग्ण हा ‘ग्राहक’ आहे का? डॉक्टरांच्या संघटनांना ही कल्पनाच अपमानास्पद वाटत होती. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातलं नातं विश्वासाचं. त्याला दुकानदार-गिऱ्हाइकाच्या पातळीवर आणू नका, असं त्यांचं म्हणणं. राष्ट्रीय आयोगाने वैद्यकीय सेवा कायद्याखाली येते असं म्हटलं, तर मद्रास उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये नेमकं उलट. अखेर १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखालची सेवाच आहे. सगळ्यांना सरसकट मोफत उपचार देणारी रुग्णालयं वगळली गेली. पण काहींकडून पैसे आणि काहींना मोफत अशी पद्धत असेल, तर तिथला मोफत रुग्णही ग्राहक ठरला. रुग्णाचं बिल विमा कंपनीने भरलं असलं तरीही तो ग्राहकच.

सरकारी कंपन्यांकडे डॉक्टरांसाठीची पॉलिसी याआधीही होती, पण ती घेणं हे तोवर जास्तीच्या सावधपणाचं लक्षण मानलं जाई. शांता खटल्यानंतर हा सावधपणाच रीत झाला. वैद्यकीय संघटनांच्या शाखांमधून सामूहिक योजना निघू लागल्या आणि एजंट नर्सिंग होमच्या पायऱ्या चढू लागले. पुढे मोठी खासगी रुग्णालयं बाहेरून येणाऱ्या कन्सल्टंटकडून पॉलिसीची प्रत मागू लागली.

त्यानंतरच्या निकालांनी पॉलिसीतल्या एकेका ओळीला अर्थ आणून दिला. १९९६ मध्ये निकाल लागलेल्या मुंबईच्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. आपल्या पदवीच्या चौकटीबाहेर केलेल्या उपचारांना पॉलिसीत संरक्षण नसतं, हे कलम वाचायला डॉक्टरांना तिथे कारण मिळालं. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात दिल्लीतल्या एका बाळाला नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. बाळासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख भरपाई ठरली. बाळ आणि आईवडील दोघेही ग्राहक, असंही न्यायालय म्हणालं. नर्सिंग होमच्या मालकांना एक गोष्ट उमगली: स्वतःच्या नावाची पॉलिसी पुरेशी नाही, हाताखालच्या माणसांचं काय? अप्रशिक्षित कर्मचाऱ्यांसाठी जादा हप्ता भरून घ्यायची पुरवणी हा त्याचाच जबाब.

त्याच १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात केसपेपरच्या प्रती रुग्णाला मिळाल्याच पाहिजेत, असं म्हटलं. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनी तर आंतररुग्णांचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं बंधन घातलं. कागद रुग्णाच्या हाती आले, तसा दाव्याला पुरावाही आला.

दरम्यान विम्याचं अंगण मोकळं होत होतं. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण स्थापन झालं, खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि परदेशी भागीदाराला २६ टक्क्यांपर्यंत वाटा मिळाला. २००१ पर्यंत टाटा एआयजी, पुण्याची बजाज अलियान्झ, आयसीआयसीआय लोम्बार्ड अशी नावं बाजारात आली होती. १ जानेवारी २००७ पासून आग, इंजिनिअरिंग अशा विम्यांचे सरकारी ठरावीक दर गेले आणि भाव पाडण्याची एकच झुंबड उडाली. ज्या कारखान्याची आग पॉलिसी हवी, त्याला इतर विमे सोबत स्वस्तात देणं हा धंद्याचा रिवाज बनला.

परदेशी भागीदारांनी सोबत आणलं ते दायित्व विम्याचं तयार साहित्य: पॉलिसीचे मसुदे, अमेरिकेतल्या खटल्यांचा अनुभव आणि मोठ्या रकमेसाठी परदेशात पुनर्विम्याची ओळखपाळख. त्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक डॉक्टर नव्हतंच. ते म्हणजे पुणे, बंगळुरू, मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्या. अमेरिकी ग्राहक करारातच कलम घालायचा की चुकीच्या कामामुळे आमचं नुकसान झालं तर भरपाईसाठी विमा दाखवा. तो नसेल तर काम नाही. रस्ते-पुलांच्या सल्लागार कंपन्यांनाही निविदेतच अशी अट येऊ लागली. विमा दलालांना तर नियामकाने २००२ पासूनच स्वतःच्या चुकांचा विमा घेणं बंधनकारक केलं. एकीकडे कोर्ट आणि दुसरीकडे करार, या दोन कारणांनी हा बाजार वाढत गेला. स्वतःहून, केवळ शहाणपणा म्हणून पॉलिसी घेणारा ग्राहक कमीच.

हिशेबतपासनिसांना जाग आणली ती २००९ च्या सत्यम घोटाळ्याने. कंपनीच्या ताळेबंदातली रोकड कागदावरचीच निघाली आणि प्रश्न ऑडिटरवर आला. अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांच्या सामूहिक दाव्यात ऑडिट फर्मने २०११ मध्ये अडीच कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजून तडजोड केली. २०१३ च्या कंपनी कायद्याने असे सामूहिक दावे भारतातही शक्य केले, आणि त्यात ऑडिटरचं नाव स्पष्टपणे घातलं.

आता पॉलिसीच्या आत थोडं डोकवायला हवं, कारण स्पर्धेची खरी जागा तिथे आहे आणि नेमकी तिथेच ती दिसत नाही. मोटारीच्या विम्यात अपघात कधी झाला ते पाहतात. इंडेम्निटीत साधारणपणे दावा कधी आला ते पाहतात, आणि मूळ घटना पॉलिसीवर छापलेल्या ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’नंतरची आहे ना, हेही पाहतात. समजा, एका सर्जनने २०१२ पासून एका कंपनीकडे न चुकता पॉलिसी चालवली. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीचा हप्ता दोन हजारांनी कमी म्हणून तिकडे उडी मारली. नव्या पॉलिसीवर रेट्रो डेट पडली २०१९ ची. २०१७ मध्ये केलेल्या शस्त्रक्रियेची नोटीस २०२० मध्ये आली. जुनी कंपनी म्हणणार, तुमची पॉलिसी संपली. नवी म्हणणार, घटना आमच्या तारखेआधीची. आठ वर्षं हप्ते भरूनही सर्जन उघड्यावरच.

दुसरी मेख रकमेची. चाळीस लाखांची पॉलिसी म्हणजे एका दाव्याला चाळीस लाख असं नाही. पॉलिसीवर एका घटनेचं आणि वर्षाचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते एकास चार असेल तर एका दाव्यासाठी दहाच लाख, आणि वकिलाचा खर्चही बहुधा त्यातूनच. प्रमाण बदललं की हप्ता बदलतो. हप्त्यांची तुलना करणारा तक्ता एजंट मोबाइलवर पाठवतो, त्यात या प्रमाणाचा रकाना असतोच असं नाही.

अशी ‘दावा आला तेव्हाची’ पॉलिसी ही अमेरिकेतल्या संकटाची देणगी. १९७०च्या दशकात तिथे डॉक्टरांवरच्या खटल्यांचा पूर आला. आज घडलेल्या चुकीचा दावा दहा वर्षांनी येणार असेल तर आज हप्ता किती घ्यावा, हेच विमा कंपन्यांना कळेना. मिनेसोटाच्या सेंट पॉल कंपनीने तेव्हा पॉलिसीचा पाया घटनेवरून दाव्यावर हलवला. काही कंपन्या धंदा सोडून गेल्या, तेव्हा अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या परस्पर विमा संस्था काढल्या. नव्वदच्या दशकात पुन्हा स्पर्धा वाढली, हप्ते पडले. त्याचं उत्तर डिसेंबर २००१ मध्ये आलं: तोट्याला कंटाळून खुद्द सेंट पॉलने वैद्यकीय दायित्वाचा धंदाच बंद करायचा निर्णय जाहीर केला. पुढल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात युनायटेड मेडिकल प्रोटेक्शन ही डॉक्टरांची संस्था कोलमडली आणि सरकारला मध्ये पडावं लागलं. नफ्याची कंपनी असो की डॉक्टरांची संस्था, हप्ता फार काळ कमी ठेवला की दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या दोन वर्षांत दिसलं.

भारतात तशी पाळी आली नाही, कारण भरपायांच्या रकमा लहान होत्या आणि हा विमा मोटार-आरोग्याच्या तुलनेत मूठभर. पहिलं गृहीत २४ ऑक्टोबर २०१३ रोजी हललं. अनुराधा साहा या तरुणीवर कोलकात्यात उपचार झाले, प्रकृती बिघडल्यावर तिला मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात आणलं गेलं आणि मे १९९८ मध्ये तिथे तिचा मृत्यू झाला. कोलकात्यातल्या रुग्णालय आणि डॉक्टरांविरुद्धच्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ सहा कोटींची भरपाई ठरवली. व्याज धरून ती अकरा कोटींच्या घरात गेली. तीन डॉक्टरांच्या वाट्याला मिळून पंचवीस लाख आले, उरलेलं रुग्णालयाच्या. २०१५ मध्ये चेन्नईतल्या एका मुलीसाठी सुमारे १.८ कोटी ठरले. अपुऱ्या दिवसांच्या या बाळाची डोळ्यांची तपासणी झाली नाही, त्यात तिची दृष्टी गेली होती. ती जन्मली १९९६ मध्ये, निकाल आला तेव्हा ती जवळजवळ एकोणीस वर्षांची होती.

या दोन निकालांनी दहा-वीस लाखांच्या पॉलिसी अपुऱ्या ठरवल्या. डॉक्टर पन्नास लाख, एक कोटी अशा मर्यादा विचारू लागले. केरळसारख्या राज्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखांनी स्वतःच्या ‘प्रोफेशनल प्रोटेक्शन स्कीम’ चालवल्या होत्याच: सभासदांची वर्गणी, संघटनेचे वकील आणि पाठीशी उभं राहणारी समव्यावसायिक मंडळी. विमा कंपनीशी तुलना करताना डॉक्टरांना हप्त्याइतकीच महत्त्वाची वाटते ती ही पाठराखण. कंपनीला दावा थोडक्यात मिटवणं सोयीचं, डॉक्टरला मात्र आपली चूक नव्हती हे सिद्ध व्हायला हवं असतं. पण योजनेचा निधी मोठ्या निकालाला पुरेल का, हा १८८५ पासूनचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

अलीकडच्या वर्षांत स्पर्धेला आणखी पाय फुटले. परदेशी भागीदारीची मर्यादा २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. २०१७ मध्ये लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने मुंबईत कचेरी उघडली. २०२२ पासून बहुतेक सर्वसाधारण विमा योजना आधी बाजारात आणून नंतर नियामकाकडे नोंदवण्याची मुभा मिळाली. कायद्याची मापंही बदलली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रार कुठे करायची हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या पैशांवरून ठरतं, आणि डिसेंबर २०२१ पासून जिल्हा आयोगाची मर्यादा पन्नास लाख आहे. त्यामुळे रुग्णालयाचं बिल पन्नास लाखांच्या आत असलं तर कोटीची मागणीही तालुक्याच्या डॉक्टरवर जिल्ह्याच्याच ठिकाणी येऊ शकते.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली, आणि जाता जाता शांता निकालाचा फेरविचार व्हावा, असंही म्हटलं. डॉक्टरांच्या संघटनांना त्यात आशा दिसली. पण तो फेरविचार झाला असता आणि डॉक्टर कायद्याबाहेर गेले असते, तरी दिवाणी न्यायालयाचा रस्ता खुलाच राहिला असता. जोशी-गोडबोले खटला ग्राहक कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी रिन्यूअलची नोटीस आली, की हप्त्याचा आकडा शेवटी वाचावा. आधी रेट्रो डेट, मग एका दाव्याची मर्यादा, मग वकिलाचा खर्च आत आहे की बाहेर. कंपनी बदलायची असेल तर जुनी रेट्रो डेट कायम ठेवल्याचं नव्या पॉलिसीवर छापून घ्यावं, एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.